डावीकडच्या सीटची ऊब

मंगळवार, २६ नोव्हेंबर २०२४

आज हिरकणीची सीट तापली नाही.

तळासरीच्या दवाखान्यात दर मंगळवारी आणि शुक्रवारी बायकोच्या कमरेला शेक आणि व्यायाम देतात. साडेनऊला मी गाडी अंगणात काढली. ती पाठीची उशी घेऊन डावीकडे बसली, बटण दाबलं. बटणात नारिंगी ठिपका लागतो, तो लागला नाही. मी दाबून पाहिलं, गाडी बंद करून परत चालू करून पाहिलं. काही नाही.

"गार सीटवर तासभर मला जमायचं नाही," म्हणाली आणि उतरून घरात गेली. उशी गाडीतच राहिली.

आमच्या मुलानं, जतीननं, ही गाडी सुरतेहून जुनी घेतली, आधीचा मालक दिल्लीकडचा. सीट गरम होते हे कळलं तेव्हा सगळा पाडा येऊन बसून गेला. डहाणूत सीट गरम करायची म्हणजे समुद्रात मीठ टाकायचं, असं म्हणून हसले सगळे. मग दोन वर्षांपूर्वी हिरकणीची कंबर धरली. चाळीस वर्षं मासळी बाजारात बर्फाच्या खोक्याला टेकून बसली, त्याची ही पावती. बर्फही आमच्याच कारखान्याचा. मी कारखान्याचा टेम्पो चालवायचो. अठरा वर्षांत एक लादी फुटू दिली नाही. आणि घरातली कंबर त्याच बर्फानं जाते आहे, हे मला त्याबद्दल बढती मिळाली त्या दिवशीसुद्धा सुचलं नव्हतं.

सीट बिघडायचं कारण मला कळलं आहे. गेल्या शुक्रवारी परतताना रानशेतच्या वळणावर एक पांढरी बकरी रस्त्यात आली. करकचून ब्रेक मारावा लागला. त्या हिसक्यानं आत काहीतरी सुटलं असणार. हिरकणी घर येईपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. कमरेत चमक भरली असेल बिचारीच्या.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

स्टेशनजवळच्या जिग्नेशच्या सीट कव्हरच्या दुकानात गेलो. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, सीटवर बसला आणि दोनदा उड्या मारल्या.

"काका, मी कव्हर शिवतो. ही काय इस्त्री आहे का मला समजायला?"

"कुणाला समजेल?"

"डहाणूत कुणाला नाय. इथं मे महिन्यात सगळ्याच सीट फुकट गरम होतात."

तरी भला माणूस आहे. सिगारेट पेटवायच्या भोकात पिन घालायची, तशी तापणारी गादी मागवून देतो म्हणाला. मागवायला सांगितली.

उभ्या उभ्या त्यानं डावा आरसा कुठं गेला विचारलं. कुणीतरी पार्किंगमध्ये तोडला असणार, लोकांना हल्ली दुसऱ्याच्या वस्तूची कदर नाही.

मंगळवारी एक लिहायचं राहिलं होतं. बकरीच्या दिवशी संध्याकाळी हिरकणी बोंबील निवडता निवडता म्हणाली, "आपली कल्पिता शाळेची व्हॅन चालवते. तिला सांगू या का, मंगळवार-शुक्रवार ती नेईल आपल्या गाडीनं?" कल्पिता माझ्या धाकट्या भावाची मुलगी. पोर चांगली आहे, पण मला ते लागलं. माझे हात काय गळून पडलेत? दोन दिवस मी तिच्याशी नीट बोललो नाही. आता वाटतं, एवढं लागायला नको होतं. तिनं परत विषय काढला नाही.

मंगळवार, ३ डिसेंबर

दुसरा मंगळवार चुकला. मधला शुक्रवारही चुकला होता.

मी म्हटलं, गरम पाण्याची पिशवी घे पाठीशी. "आशागडला पोचेपर्यंत गार होते ती," म्हणाली. दोन पिशव्या घे म्हटलं. "पिशव्यांवर बसून मी काय अंडी उबवू?"

हसलो. ती हसली नाही. भिंतीला हात लावत लावत मोरीकडे गेली. आधी असा हात लावत नव्हती.

शनिवार, ७ डिसेंबर

काल वापीला कंपनीच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली. एकटाच गेलो. चारोटीला डावीकडे जायचं होतं ते ध्यानात नव्हतं. चौथीच्या पुस्तकातली नदीची कविता आठवत होतो. भोईर गुरुजी छडीनं टेबलावर ठेका द्यायचे आणि आम्ही चाळीस पोरं एका सुरात म्हणायचो. मी अजूनही स्टिअरिंगवर ठेका धरतो. गुरू अक्षराला पूर्ण हात उचलावा लागतो. असा आठवत आठवत भलताच पुढं गेलो, मनोरच्या पाट्या दिसल्या तेव्हा वळलो. एक ट्रकवाला काहीतरी ओरडून गेला.

वर्कशॉपात गाडीला कॉम्प्युटर जोडला. टाय लावलेल्या मुलानं सांगितलं, सर्किट तुटलंय, यात दुरुस्ती होत नाही, पूर्ण सीटच बदलायची. बासष्ट हजार, वर कर. मी त्याला म्हटलं, अरे बाळा, एक वायर असेल कुठंतरी. तो म्हणाला, "अंकल, आम्ही वायर नाही बघत, पार्ट बघतो." खुर्ची मात्र चांगली दिली बसायला आणि चहासुद्धा.

येताना अंधारलं होतं. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दिव्याभोवती हल्ली मोठ्ठं कमळ उमलतं, पाकळ्या पाकळ्यांचं. पूर्वी दिवे असे नव्हते, नुसता पिवळा गोळा असायचा. सगळा हायवे तळ्यासारखा दिसतो. हिरकणीला सांगितलं तर ती हातातलं भांडं खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिली. कवितेचं तिला कधीच कौतुक नव्हतं.

बुधवार, ११ डिसेंबर

जिग्नेशची गादी आली. अंगणात गाडी चालू ठेवून हिरकणीला बसवलं. गादी छान तापली. हात ठेवून पाहिला मी.

"वास येतो," ती म्हणाली.

"कसला?"

"रबराचा. मला मळमळतं."

मला तर काही वास आला नाही. परत केली. जिग्नेश म्हणाला, "काकीला गादी नको असेल तर काकीला काय हवंय ते विचारा." म्हटलं, तिला तिची सीट हवी आहे, दुसरं काय.

आज बोंबील वाळत घालताना ती बांबूला धरून उभी राहिली ती बराच वेळ. डावा पाय झोपलाय म्हणाली. मी पाय चोळून दिला. तिचं लक्ष नव्हतं. मसाल्याची पुडी फोडलेली होती तिचं तोंड निळ्या दोऱ्यानं बांधत बसली होती. तिला सुटं टोक बघवत नाही. जाळी विणणाऱ्या घरातली, तिचे बाबा म्हणायचे, एक टोक सुटं राहिलं की सगळं जाळं पळतं. आमच्या घरात साखरेच्या पिशवीपासून माझ्या पायजम्याच्या नाडीपर्यंत सगळ्याला तिची गाठ. त्यातून ती डावखुरी, म्हणून गाठीचा पीळ उलटा पडतो. पाड्यात कुणाच्याही घरी तिची गाठ ओळखू येते.

सोमवार, १६ डिसेंबर

काहीही नाही. पालघरला एकाला फोन केला, त्यानं उचलला नाही. बोईसरच्या एकानं उचलला आणि हसला.

बसल्या बसल्या चार ओळी सुचल्या:

बर्फ फोडता फोडता
गेली वर्षे की चाळीस,
आता थोडीशी ऊबही
मागू कुठल्या दारास.

भोईर गुरुजींनी 'की' खाली लाल रेघ मारली असती. भरतीचं अक्षर आहे.

शुक्रवार, २० डिसेंबर

हिरकणी पडली.

सकाळी पाट्या आत आणताना उंबऱ्यात डावा पाय उचललाच गेला नाही. आवाज ऐकून धावलो. जमिनीवर बसली होती, बोंबील सगळीकडं. रडत नव्हती. "आधी ते उचला, मांजर येईल," एवढंच म्हणाली.

तळासरीच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या मलाच रागावल्या. महिना झाला, एक खेप नाही. पाय सुन्न होणं चांगलं नाही, शीर दबतेय, उपचार असेच चुकवत राहिलात तर ऑपरेशनशिवाय मार्ग राहणार नाही, आणि या वयात ऑपरेशनची मी खात्री देत नाही. कुठल्याही गाडीनं आणा पण आणा.

मी हिरकणीला सगळं जसंच्या तसं सांगितलं. म्हटलं, आत्ता चल, गार तर गार, मी हळू चालवतो. चाळीसच्या वर काटा जाऊ देणार नाही.

"नको."

"अगं, पाय जाईल."

"जाऊ दे माझा पाय," ती म्हणाली. आणि मग, "माझाच जाईल ना."

याचा अर्थ काय लावायचा? रिक्षा आणतो म्हटलं, तर रिक्षानं हाडं खिळखिळी होतात, हे मलाही माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी रिक्षानंच नेलं होतं तेव्हा घरी येऊन तीन दिवस उठली नव्हती. जतीनला फोन केला. तो म्हणाला, मी नाताळात यायचं बघतो, पण पोरीची, रियाची परीक्षा आहे, तोवर कल्पिताला का नाही सांगत? मी फोन ठेवला. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव.

हे मी कुणाला सांगणार नाही म्हणून इथं लिहितो. आज मी गाडीत जाऊन तिच्या सीटवर बसलो आणि बटण दाबत राहिलो. पन्नास वेळा तरी दाबलं असेल. मग ओणवा होऊन सीटच्या गादीला कान लावला, आत काही वाजतंय का म्हणून. दारातून शेजारची बुधीबाई जात होती, तिनं विचारलं, काय हरवलं का अमृतदादा. हो म्हटलं.

मंगळवार, २४ डिसेंबर

जिग्नेशचा फोन. तळासरीला हायवेवर झरीच्या फाट्याच्या अलीकडे नयन म्हणून एक वायरमन आहे, ट्रकांचं काम करतो. "तो पार्ट नाय बघत काका, वायरच बघतो." शुक्रवारी बोलावलंय म्हणाला.

हा शेवटचा. याच्यापुढं मला कुणी माहीत नाही. हिरकणीला सांगितलं तर म्हणाली, "कशाला पैसे घालवता." आणि मग, "एकटेच जाणार?" म्हटलं, तू चल. ती बोंबील निवडायला लागली.

शनिवार, २८ डिसेंबर

कालचं आज लिहितो. काल हात चालला नाही.

नयनची टपरी हायवेच्या कडेला, ताडपत्रीखाली. पन्नाशीचा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, गुजरातीत सुरू करून मराठीत संपवतो. त्यानं कॉम्प्युटर जोडला नाही. बॅटरीचा दिवा दातात धरला, सीट मागं सरकवली आणि आडवा होऊन खाली घुसला. दोन मिनिटं झाली नसतील.

"काका, घरात उंदर आहे?"

"आहेत की. मासळीचं घर. कुरतडली का?"

"कापली."

"उंदरानंच ना?"

तो बाहेर आला, कपाळ पुसलं. "उंदीर वायर खातो, काका. गाठ नाय मारत. तुम्हीच बघा."

त्यानं दिवा माझ्या हातात दिला. मी गुडघ्यावर बसून वाकलो. काळी वायर होती, कात्रीनं सरळ कापलेली. दोन्ही टोकं वेगवेगळी दुमडली होती आणि प्रत्येक टोकावर निळा दोरा. तीन वेढे आणि गाठ. पीळ उलटा.

किती वेळ तसा होतो कोण जाणे. गुडघे दुखले तेव्हा कळलं.

"ज्यानं केलं त्यानं सांभाळून केलं," नयन म्हणत होता. "सुटी टोकं ठेवली असती तर बॉडीला लागून ठिणगी पडली असती. जोडू?"

"जोड," म्हटलं. "दोरा टाकू नकोस, मला दे."

वीस मिनिटांत झालं. साडेतीनशे रुपये घेतले त्यानं, आणि त्यातले पन्नास चहाचे म्हणून परत द्यायला लागला. बटण दाबलं, नारिंगी ठिपका लागला. हात ठेवला, तापत होती सीट. महिनाभर ज्याच्यासाठी दारोदार फिरलो ते समोर होतं आणि मला आनंद काही होईना.

"निघा काका, उजेड आहे तवर."

मी किल्ली हातात घेतली. समोरून एक ट्रक दिवा लावून आला, भर दुपारी का लावला होता कोण जाणे. त्याच्याभोवती कमळ उमललं. मी नयनला विचारलं, "तुला दिसतं का हे, दिव्याभोवती कमळासारखं?"

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "मला दिवा दिसतो. माझ्या बापाला कमळं दिसायची. मग मोतीबिंदू काढला."

मी बाकावर बसलो. म्हटलं, जरा बसतो इथंच, चालेल? बेसो ने काका, म्हणाला, आणि त्याच्या कामाला लागला.

कल्पिताला फोन केला. काय बोलायचं ते मनात तीनदा म्हणून पाहिलं होतं, पण ती "बोला काका" म्हणाली आणि मी एवढंच बोललो, "मला न्यायला येशील?" का, कशाला, काही विचारलं नाही तिनं. शाळेची पोरं घरी सोडून, शेअर जीपनं पाचच्या आत आली. किल्ली मागितलीही नाही, हात पुढं केला.

मी डावीकडे बसलो. पहिल्यांदाच बसलो त्या सीटवर, म्हणजे चालत्या गाडीत. तिथून रस्ता वेगळाच दिसतो. कडेनं चालणारी माणसं अगदी अंगाशी येतात. सायकलवाले, डोक्यावर भारे घेतलेल्या बायका, सगळे माझ्याच बाजूला. हिरकणी दोन वर्षं हे बघत होती.

रानशेतचं वळण आलं. कल्पितानं वेग कमी केला. मी म्हटलं, "इथंच बकरी आली होती आडवी."

तिनं गिअर बदलला. वळण संपल्यावर म्हणाली, "काकीनं कुणाला सांगू नको म्हटलंय."

"काय?"

"बकरी नव्हती, काका. शाळेची पोर होती. पांढरा शर्ट. चप्पल निघाली होती म्हणून वाकली होती रस्त्यात."

मी विचारलं, लागलं का तिला. दोनदा विचारलं.

"नाही. वीतभर राहिलं होतं म्हणाली काकी. पोरगी चप्पल तिथंच टाकून पळाली."

आशागड आलं, गेलं. पाठ भाजायला लागली तरी बटण बंद करायचं मला सुचलं नाही.

अंगणात हिरकणी उभी होती, बांबूला धरून. गाडी कोण चालवतंय ते तिनं आधी पाहिलं. मग मला डावीकडून उतरताना पाहिलं. खांदे असे खाली आले तिचे, जसे पाटी उतरवल्यावर येतात.

"झाली का सीट?" तिनं विचारलं.

"झाली."

"काय निघालं?"

निळा दोरा माझ्या खिशात होता. मुठीत धरला होता सगळा रस्ताभर.

"उंदीर," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं बघितलं, चांगलं बघितलं. मग कल्पिताकडं. मग म्हणाली, "फार झालेत मेले." आणि चहा टाकायला आत गेली, भिंतीला हात लावत लावत.

मंगळवार, ३१ डिसेंबर

साडेनऊला निघालो. कल्पितानं शाळेची पोरं दुसऱ्या व्हॅनमध्ये दिली आहेत, मंगळवार आणि शुक्रवार. हिरकणी डावीकडे बसली, उशी ठेवली, बटण दाबलं. मी मागं. गाडी सुरू होईपर्यंत मला सारखं वाटत होतं, मी चुकीच्या दारानं आत आलो.

डॉक्टरीणबाईंनी पायाला सुई टोचून पाहिली. अंगठ्यात कळतं, करंगळीत कळत नाही. चार-सहा आठवडे बघू, म्हणाल्या, तोवर ऑपरेशनचं बोलत नाही. वचन मात्र देत नाही. माझ्याकडं वळून म्हणाल्या, आणि तुमचे डोळे कधी दाखवणार? हिरकणीनं त्यांना सांगून ठेवलं होतं. तिथल्याच डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं: दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात पिकलेला. आठ तारखेला उजवा करणार. मग दिवे नुसते दिवे दिसतील. मला त्याचंही थोडं वाईट वाटलं, पण हे फक्त इथं.

येताना रानशेतच्या वळणावर गाडी थांबवायला सांगितली. कडेचं गवत बघितलं. चप्पल नव्हती. कुणीतरी नेली असेल, नाहीतर तिनंच येऊन नेली असेल. तिनंच नेली असं मी धरून चाललोय. परत येऊन बसलो.

आशागडच्या पुढं हिरकणीनं मान न वळवता विचारलं, "आज नदीची कविता नाही का?"

"तुला कुठं आवडते."

"म्हणा. आता काय, हात मोकळे आहेत तुमचे."

म्हटली मग. पहिलं कडवं चुकलं, दुसऱ्यापासून लागली. मागच्या सीटवर ठेका धरायला खरंच बरं पडतं. दोन्ही हात उचलता येतात.

निळा दोरा या पानात ठेवला आहे. गाठ सोडलेली नाही.